डर्बी जहाज आणि आमचा इतिहासाचा तास

आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी समुद्र पाहिला नव्हता. मोठं पाणी म्हणजे वैनगंगा आणि नाव म्हणजे डोंगा. तरी इतिहासाच्या सरांनी एकदा अख्खा तास एका जहाजावर घालवला होता. स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर मला तोच आठवला.

जहाजाचं नाव डर्बी. ईस्ट इंडिया कंपनीचं, इंग्लंडहून मुंबईला माल आणणारं. व्यापारी असलं तरी त्यावर तोफा होत्या. त्या काळी कंपनीची अशी जहाजं तोफांशिवाय निघतच नसत. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांच्या आरमारानं ते गाठलं. सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं: उंच जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना, म्हणून आंग्र्यांच्या गुराबा मागून यायच्या आणि डोलकाठ्यांवर मारा करायच्या. वारा पडला तर वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढत न्यायची. डर्बीच्या डोलकाठ्या कोसळल्या आणि ते हाती आलं. त्यात आरमाराला लागणारं सामान भरपूर होतं, तेही आंग्र्यांच्याच कामी आलं.

सरांनी लाकडाचीही गोष्ट सांगितली होती. विलायती ओकमध्ये लोखंडी खिळे लवकर गंजतात, सागात ते टिकतात. आलापल्लीहून आलेली पोरं तेव्हा उगाच ताठ बसली. (आपला साग तिकडे जात नव्हता, हे सरांनी लगेच सांगून टाकलं!)

मी विचारलं, "सर, मग आंग्रे चाचे होते का?" सर म्हणाले, "ज्यांच्या किनाऱ्यावरून जायचं, त्यांचं दस्तक घ्यायचं नाही, आणि अडवलं की चाचे म्हणायचं? कंपनी स्वतः मुंबईत दस्तकं देतच होती की." हे मला आजही पटतं, मात्र पकडलेल्या खलाशांना ते पटलं असेल असं वाटत नाही.

शेवट सरांनी सांगितला नाही, घंटा झाली. तो मी पुढे वाचला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. मराठ्यांचेच पेशवे तेव्हा इंग्रजांच्या बाजूला होते. तुळाजी आंग्र्यांनी पूर्वी कंपनीचं रिस्टोरेशन नावाचं जहाज पकडलं होतं. तेही तिथेच नांगरलेलं होतं. त्यावर गोळा पडून आग लागली आणि ती शेजारच्या गुराबांना लागत गेली. आंग्र्यांचं सारं आरमार त्याच बंदरात जळालं.