शस्त्रकर्मापूर्वीची तालीम

सर्व शास्त्र मुखोद्गत असले, तरी ज्याच्या हाताला कर्माभ्यास नाही तो शिष्य शस्त्र धरण्यास अपात्रच, असा दंडक सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘योग्यासूत्रीय’ या नवव्या अध्यायाने घालून दिला आहे. आणि दंडक घालून न थांबता अभ्यास कशावर करावा हेही त्याने सांगितले आहे. छेदन कोहळ्यावर, दुध्या भोपळ्यावर, काकडीवर. भेदन पाण्याने वा चिखलाने भरलेल्या चामडी पिशवीवर. सीवन जाडपातळ वस्त्रांच्या काठांवर आणि मऊ चामड्यावर. पट्टबंधन मनुष्याकृती बाहुल्याच्या अवयवांवर. यांतील सर्वांत मार्मिक भाग एषणकर्माचा, म्हणजे शलाकेने आतला मार्ग चाचपण्याचा. त्यासाठी किडीने पोखरलेले लाकूड आणि वेळू घ्यावा असे तेथे म्हटले आहे. कारण जेथे दृष्टीचा रिघाव नाही तेथे काय आहे, हे शलाकेच्या टोकाने ओळखावयाचे असते.

पुढे हा अध्याय पाठांतरात राहिला आणि हाताचे कसब ग्रंथांबाहेरच्या लोकांकडे गेले. कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक पुण्याजवळच्या ज्या कारागिराने कपाळाच्या त्वचेने पुन्हा घडविले आणि ज्याची हकीकत 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली, तो विटा पाडणाऱ्यांच्या जातीचा होता. त्याने आधी मेणाचे पातळ पान नाकावर बेतले, मग ते कपाळावर सपाट पसरून त्याच्या कडेने रेघ आखली. माप मेणावर चुकले तर पुन्हा घेता येते. कातडीवर ती सवलत नाही.

पाश्चात्त्य देशांत मात्र शिकाऊ शल्यविशारदाची उमेदवारी रुग्णाच्या देहावरच होत असे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉल्स्टेडने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निवासी डॉक्टरांच्या चढत्या जबाबदारीची जी शिस्त बसविली, ती जगभर दस्तूर होऊन बसली. तिने थोर शल्यविशारद घडविले हे निर्विवाद. पण शिकणाऱ्याच्या पहिल्या चुका बहुधा धर्मार्थ खाटेवरील गरिबाच्या वाट्याला आल्या, हेही तितकेच खरे, आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

कण्याच्या शस्त्रक्रियेने या पद्धतीची मर्यादा उघड केली. 1911 साली न्यूयॉर्कमध्ये हिब्ज आणि आल्बी यांनी क्षयग्रस्त मणके अस्थिरोपणाने सांधण्याची वाट पाडली, तेव्हा काम बहुतांशी डोळ्यांसमोर होते. परंतु पॅरिसच्या रॉय-कामील यांनी 1960 नंतरच्या दशकात मणक्याच्या पुढील भागाला मागच्या कमानीशी जोडणाऱ्या ‘पेडिकल’ नामक अरुंद अस्थिस्तंभातून स्क्रू घालण्यास आरंभ केला, आणि प्रश्न पालटला. छातीच्या मध्यभागी हा स्तंभ काही मिलिमीटरच रुंद. आतल्या बाजूस मज्जारज्जू, खालून जाणारी मज्जातंतूची मुळी. कडक कवच फोडून आतल्या जाळीदार अस्थीतून वाट काढावयाची, मग टोकाशी बारीक गोळी असलेल्या सळईने चारी भिंती आणि तळ चाचपून कोठे भगदाड पडले नाही ना, याची खातरी करावयाची. हे पोखरलेल्या लाकडावरील एषणाहून वेगळे ते काय?

स्वित्झर्लंडमध्ये 1958 साली स्थापन झालेल्या ‘एओ’ या शल्यविशारदांच्या मंडळाने 1960 पासून दाव्होस येथे जे वर्ग भरविले, त्यांत व्याख्यानांच्या जोडीला हाताचा सरावही होता. पुढे कडक कवचाच्या आणि आत फेसाळ गाभा असलेल्या कृत्रिम अस्थी सर्रास वापरात आल्या. तथापि या तालमीला खरी निकड घड्याळाने आणली. अमेरिकेत 2003 साली निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला 80 तासांची मर्यादा पडली, युरोपात ती 48 तासांची झाली. शस्त्रक्रियागृहातील तास घटले, ते अन्यत्र भरून काढणे भाग पडले. अशा सरावाचा उपयोग त्याआधीच दिसून आला होता: येल येथे 16 निवासी डॉक्टरांवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आभासी यंत्रावर शिकलेल्यांनी पित्ताशय सोडविण्याचे काम इतरांपेक्षा 29 टक्के लवकर उरकले, आणि चुकाही कमी केल्या. पण ते काम पडद्यावर पाहून करावयाचे. कण्याच्या कामात हाताला जाणवणारा अस्थीचा विरोध यंत्राने हुबेहूब उमटविणे हे फार कठीण प्रकरण आहे.

आता रुग्णाच्याच सीटी स्कॅनवरून त्याचा वाकडा कणा छापून काढता येतो आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्यावर स्क्रूची दिशा ठरविता येते. छापील मणक्यातून रक्त मात्र वाहत नाही, आणि प्रत्यक्षात रक्त आवरून समोरचे दिसते ठेवणे ही या कर्माची मोठी कसोटी असते. ते शिकण्यासाठी वरिष्ठाशेजारी टेबलापाशी उभे राहण्याची उमेदवारी अद्याप कोणालाही चुकलेली नाही.