दोर, सळ्या आणि वाकण्याचा हिशेब

मुलीचा कणा बाजूला वळत चालला आहे हे कळले की निपाणी, चिकोडी, बेळगावकडचे आईबाप हल्ली डॉक्टरांपुढे मागणी ठरवूनच बसतात : "सळ्या नकोत, दोरी घाला." मोबाइलवरच्या चित्रफितींनी हे मत घरोघर पोहोचवले आहे. सळ्यांचे फ्युजन म्हणजे मणके एकमेकांना सांधून मुलगी जन्माची ताठ करणे, आणि दोरीचे टेदरिंग म्हणजे कणा सरळ होऊनही हालचाल जशीच्या तशी. टेदरिंगशी माझे भांडण नाही. या मताशी आहे.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. वाढत्या हाडावर दाब पडला की त्या बाजूची वाढ मंदावते आणि दाब हटला की वाढ सावरते, हे ह्यूटर आणि फोल्कमान या दोन जर्मन शल्यविशारदांनी १८६२ साली नोंदवले. वाकड्या कण्यात आतल्या बाजूवर दाब अधिक, म्हणून मणके पाचरीसारखे वाढतात आणि बाक वाढतच जातो. मग हेच चक्र उलटे का फिरवू नये? बरगड्यांमधून दुर्बीण घालून बाहेरच्या बाजूने मणक्यांत स्क्रू बसवायचे, त्यांतून पॉलिएस्टरचा दोर ओवून ताणायचा. बाहेरची बाजू दाबली जाते, आतली वाढत राहते आणि कणा पुढच्या दोन-तीन वर्षांत स्वतःच सरळ होत जातो. कल्पना देखणी आहे आणि तिचे शास्त्रही खरे आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१९ मध्ये या साधनाला परवानगीही दिली. सळ्यांबद्दलची भीतीही निराधार नाही. १९६०च्या दशकातल्या हॅरिंग्टन सळीने कमरेची नैसर्गिक खोलगट कमान सपाट केली आणि अनेक रुग्णांना पुढे तिचा त्रास झाला.

आता उत्तरपक्ष. पहिला प्रश्न वाकण्याचा, कारण खरी भीती तिथे आहे. फ्युजन झालेली पोरगी खाली बसणार कशी, शेतात वाकणार कशी, सासरी नांदणार कशी? निपाणीच्या गल्लीत दुपारी उंबऱ्याशी विडी वळणारी बाई पाहा. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू, मान खाली, बोटे चालू. तिचा वाक कुठून येतो? खुब्यांतून, कमरेच्या पाच मणक्यांतून आणि मानेतून. छातीच्या बारा मणक्यांना बरगड्यांनी जखडलेले असते. पुढे वाकण्यात त्यांचा वाटा थोडा. अंग वळवण्यात तो मोठा आहे, हे मान्य. पण किशोरवयात सर्वांत जास्त आढळणारा बाक छातीतलाच असतो आणि तिथले फ्युजन बहुधा कमरेच्या तोंडाशी थांबवता येते. कमर मोकळी राहते. मग ‘जन्माची ताठ’ हे वर्णन कोणत्या शस्त्रक्रियेचे? आजच्या स्क्रू-सळ्यांच्या रचनेत तर कमरेची कमान राखण्याची काळजी मुद्दाम घेतली जाते. हॅरिंग्टनच्या पापाचे माप आजच्या सळीच्या पदरात घालणे न्यायाचे नाही.

दुसरा मुद्दा यंत्रशास्त्राचा, आणि माझ्या मते निर्णायक. सळी फार तर वर्षभर राबते. मणक्यांमध्ये हाड जुळून आले की भार हाड घेते आणि सळी नावापुरती उरते. दोराला अशी सुटका नाही. त्याच्या जागी कोणतेही हाड येत नाही. तो प्रत्येक हालचालीला ताण सोसतो. शिवाय ताण नसलेला दोर कणा सुधारत नाही, आणि ताणलेला दोर विरुद्ध बाजूला वाकू देत नाही. म्हणजे हालचाल फ्युजनपेक्षा जास्त राहते, पण ‘जशीच्या तशी’ राहत नाही. आणि जेवढी राहते तेवढा दोर झिजतो. कमरेत, जिथे हालचाल वाचवणे खरोखर मोलाचे, तिथेच तो अधिक तुटतो. वाचकाने हा विरोधाभास नीट तोलावा.

पुरावा हवा? सॅन दिएगोचे शल्यविशारद न्यूटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली टेदरिंगच्या २३ रुग्णांची तुलना फ्युजनच्या २६ रुग्णांशी केली. बाक दोन्हीकडे सुमारे ५३-५४ अंशांचा होता. शेवटी टेदरिंगमध्ये सरासरी ३३ अंश उरला, फ्युजनमध्ये १६. टेदरिंगच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत दोर तुटल्याच्या खुणा दिसल्या आणि काहींना पुन्हा शस्त्रक्रिया लागली. फ्युजनच्या गटात एकालाही लागली नाही. गट लहान होते, तंत्र तेव्हा नवे होते, हा आक्षेप मी स्वीकारतो. पण ‘दोर म्हणजे निर्धोक’ हा दावा करणाऱ्यांकडे याहून मोठा कोणता पुरावा आहे? ती २०१९ची परवानगीसुद्धा मोजक्या रुग्णांसाठीच्या साधनांना मिळते तशी सवलतीची होती. तीत ‘बहुधा लाभ होईल’ एवढे दाखवणे पुरते, परिणामकारकता सिद्ध करावी लागत नाही. हा तपशील चित्रफितीत येत नाही.

तिसरा मुद्दा वेळेचा. दोर स्वतः कणा पूर्ण सरळ करत नाही, उरलेले काम वाढ करते. वाढ संपली की दोराचे काम संपले; वाढ फार शिल्लक असली तर कणा उलट बाजूला वळू शकतो. मुलींची उंची पाळी सुरू होण्याआधी सर्वांत वेगाने वाढते. आपल्याकडे खोड लक्षात कधी येते? शिंपी झंपराचे माप घेताना एक खांदा वर आहे म्हणतो तेव्हा, किंवा पोरगी केर काढायला वाकली असता पाठीवर एका बाजूला उंचवटा दिसतो तेव्हा. तोवर नववी-दहावी आलेली असते. अशा मुलीला दोराचा उपयोग काय?

आणि फ्युजन खरोखर टाळायचे असेल, तर त्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपाय साधा, अंगाभोवती घालायचा ब्रेस आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील चाचणीत ब्रेस घालणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या उंबरठ्याखाली राहिला, नुसत्या देखरेखीत ४८ टक्के. जी मुले दिवसाला सरासरी तेरा तास किंवा अधिक तो घालत, त्यांच्यात यश नव्वद टक्क्यांवर गेले. एप्रिलच्या उकाड्यात गणवेशाखाली प्लास्टिकचा सांगाडा घालणे जिवावर येते, हे खरे. तरी हाच ब्रेस ‘काय उपयोग’ म्हणून माळ्यावर टाकणारे घर दोरीचा आग्रह धरते, ही कुठली तर्कसंगती?

शेवटचा बचाव असा : दोर तुटला तर फ्युजन आहेच. आहेच, आणि पाठीकडून ते करताही येते. अकरा वर्षांची, पाळी न आलेली, लवचीक बाक असलेली, ब्रेस घालूनही बाक वाढत गेलेली मुलगी असेल तर हा डाव खेळण्याजोगा आहे. इतक्या लहान वयात फ्युजन केल्यास छातीची वाढ खुंटण्याचा धोका असतो. तिच्यासाठी मी स्वतः दोराच्या बाजूने उभा राहीन. पण तिच्या आईबापांना आधी सांगावे लागेल की दोन शस्त्रक्रियांची तयारी ठेवा, आणि वाढ संपेपर्यंत दर काही महिन्यांनी क्ष-किरण तपासणीला गाडी पकडा, मग पेरणी असो की सुगी.