आत राहणारी नळी

मूत्रमार्गातून नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी करणे ही शल्यचिकित्सेतली फार जुनी युक्ती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात १०१ यंत्रे सांगितली आहेत. त्यांतली २० नाडीयंत्रे म्हणजे एका किंवा दोन्ही टोकांना तोंड असलेल्या पोकळ नळ्या. पाँपेईच्या अवशेषांत दुहेरी वळणाची ब्राँझची मूत्रनलिका सापडली आहे. १७५२ साली बेंजामिन फ्रँकलिनने आजारी भावासाठी चांदीची लवचीक नळी करवून घेतली. या सगळ्या नळ्या मात्र घालायच्या आणि काम झाले की काढायच्या. धातूची नळी आत ठेवून रुग्णाला कूसही नीट बदलता येत नाही. नळी आत जाईल कशी, हे प्राचीनांनी सोडवले होते. ती आत राहील कशी, हा प्रश्न गेल्या दीडशे वर्षांतला. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा बव्हंशी या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर उभी आहे.

उत्तराची सुरुवात रबराने झाली. चार्ल्स गुडइयरला गंधक घालून रबर पक्के करण्याचे पेटंट १८४४ साली मिळाले. पुण्यात ससून रुग्णालय १८६७ साली सुरू झाले. त्याच दशकात पॅरिसमध्ये ओग्युस्त नेलाटोनची मऊ रबरी नळी प्रचारात येत होती. नळीचा नंबरही पॅरिसचाच. तिथल्या शारिएर या हत्यारे बनवणाऱ्या कारागिराने ठरवलेल्या मापात एक नंबर म्हणजे व्यासाचा एक तृतीयांश मिलिमीटर. वॉर्डात सिस्टर ‘सोळा नंबर’ मागते तेव्हा ती सुमारे ५.३ मिलिमीटर जाडीची नळी मागत असते.

रबरी नळी टोचत नव्हती, पण टिकतही नव्हती. ती निसटू नये म्हणून चिकटपट्ट्या लावाव्या लागत, दोरे बांधावे लागत. अमेरिकी शल्यविशारद फ्रेडरिक फोली यांनी १९२९ साली नळीच्या टोकाशी फुगा जोडण्याची कल्पना मांडली, ती प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव दाबून थांबवण्यासाठी. फुग्यामुळे नळी जागेवर राहते, हा मोठा लाभ ठरला. पेटंट मात्र पॉल राईश या दुसऱ्याच माणसाला मिळाले. रुग्णालयांनी न्याय केला म्हणायचा: राईशचे नाव कोणाला आठवत नाही आणि ‘फोलीज’ हा शब्द पुण्यातल्या कुठल्याही वॉर्डातल्या मावशींच्या तोंडी असतो. कृतीही तेव्हापासून फारशी बदललेली नाही. जेली लावून नळी सरकवायची, लघवी दिसू लागली की ती आणखी थोडी आत ढकलायची, बाजूच्या तोंडातून सिरिंजने ५ ते १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरायचे आणि फुगा अडकेपर्यंत नळी हलकेच ओढायची. सलाईन भरत नाहीत, कारण त्यातले मीठ साकळले तर बारीक वाट बुजते आणि काढायच्या वेळी फुगा रिकामा होत नाही.

पुण्यापुरता या इतिहासाचा सर्वांत महत्त्वाचा धागा खडकीत आहे. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना हातकाम शिकवण्यासाठी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाले आणि १९२२ साली खडकीला आले. पण मणक्याला गोळी लागलेल्यांपैकी बहुतेकांना त्या काळात अशा संस्थेपर्यंत पोचण्याइतके आयुष्यच लाभत नसे. त्यांचा जीव घेई तो लघवीतला जंतुसंसर्ग आणि एकाच कुशीवर पडून राहिल्याने पाठीला होणाऱ्या जखमा. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून हे चित्र पालटले. दर काही तासांनी कूस बदलणे आणि हाताचा स्पर्श न होऊ देता ठरावीक वेळी निर्जंतुक नळी घालून काढणे, अशी ती शिस्त. रुग्ण जगू लागले, तेव्हा पुढच्या वर्षांचे काय करायचे हा प्रश्न आला. १९४८ साली गुटमन यांनी भरवलेल्या स्पर्धांतून पॅरालिंपिक उभे राहिले. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडलबर्गला पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले ते याच स्पर्धांत. दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, खडकीत पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झाले. कमरेखाली किंवा मानेखाली लुळ्या पडलेल्या जवानांचे ते कायमचे घर आहे.

दरम्यान धोका नळीच्या दुसऱ्या टोकाला हेरला गेला होता. ते टोक पूर्वी खाटेखालच्या उघड्या बाटलीत सोडलेले असे आणि चार दिवसांत बहुतेक रुग्णांच्या लघवीत जंतू होत. नळी बंद पिशवीला जोडली की हे प्रमाण पुष्कळ उतरते, असे कुनिन आणि मॅकॉर्मॅक यांनी १९६६ साली दाखवून दिले. उतरते, थांबत नाही. महिनाभर नळी राहिली की लघवीत जंतू सापडतातच. ते नळीच्या आत चिकट थर धरतात. काही जंतू युरियापासून अमोनिया तयार करतात, लघवी अल्कली होते आणि आतून खडे साचून नळी तुंबते.

बाकीच्या नळ्यांची कथा थोडक्यात सांगता येते. नाकातून पोटात जाणारी ‘राईल्स ट्यूब’ जॉन राईल यांची, १९२१ सालची. श्वासनलिकेला भोक पाडण्याची क्रिया प्राचीन आहे. पण १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत त्या भोकातून नळी घालून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी आळीपाळीने, रात्रंदिवस हातांनी श्वास पुरवला आणि अतिदक्षता विभागाचा पाया घातला गेला.

आता या नळ्या रुग्णालयाबाहेरही आल्या आहेत. पुण्यात मार्केट यार्ड, गुलटेकडी, बिबवेवाडी या भागांतल्या मेडिकलच्या दुकानांत युरोबॅग, म्हणजे लघवीची बंद पिशवी, सहज मिळते आणि घरच्या पलंगाच्या कडेला ती अडकवलेली असते. ती मूत्राशयाच्या पातळीखाली हवी आणि जमिनीला टेकता कामा नये, एवढे घरच्यांना शिकवून पाठवतात. लॅटेक्सची नळी साधारण दोन ते चार आठवड्यांनी, सिलिकॉनची जास्तीत जास्त बारा आठवड्यांनी बदलतात. मणक्याच्या ज्या रुग्णांचे हात चालतात त्यांच्यासाठी १९७२ साली जॅक लॅपिडीस यांनी आणखी सोपी वाट दाखवली: हात स्वच्छ धुऊन रुग्णाने स्वतःच दिवसातून काही वेळा नळी घालायची आणि काढून टाकायची. दीर्घकाळ आत ठेवलेल्या नळीपेक्षा हीच पद्धत आज अशा रुग्णांसाठी अधिक सुरक्षित मानली जाते.