मेंदीचा रंग आणि वालधुनीचा रंग

रंगांच्या इतिहासात आपण नीळ, मंजिष्ठा यांची चर्चा करतो आणि मेंदीला बायकांच्या हौसेत जमा करून मोकळे होतो. पण रंग टिकला म्हणजे काय, हा प्रश्न मेंदीपासूनच सुरू करावा लागतो.

पान हिरवं, हात तांबडा, हे कसं? पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, वाळल्या पानात साधारण एक टक्का. लिंबाच्या आंबटपणानं ते सुटतं आणि त्वचेतल्या केराटिन या प्रथिनाला धरून बसतं. म्हणून मेंदीनं केस रंगतात, लोकर आणि रेशीमही रंगतं. सुती कापडावर ती नीट धरत नाही. लेप काढला की हात नारिंगी दिसतो, एक-दोन दिवसांत रंग गडद होतो. पुढे वरची कातडी झडत जाते, तसा दोन-तीन आठवड्यांत तो जातो. अंगाच्या हिशेबानं आला, अंगाच्या हिशेबानं गेला.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. घरं, जमिनी मागे राहिल्या. लग्नातली मेंदी बरोबर आली, कारण तिला सामान लागत नाही. मराठी घरात मान हळदीचा. आज आपल्याही लग्नांत मेंदीची वेगळी संध्याकाळ असते.

याच पट्ट्यात अंबरनाथ-बदलापूरला रसायनांचे कारखाने आले, उल्हासनगरात जीन्स रंगवण्या-धुण्याचा धंदा वाढला. इथल्या रंगाची परीक्षा उलटी आहे: तो जाता कामा नये. मग कापडावर न बसलेला रंग जातो कुठे? वालधुनीत. शके 982, म्हणजे इ. स. 1060 च्या अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणारी ही नदी पुढे उल्हासनगरातून जाते. तिचं रंगीत पाणी आपण पुलावरून पाहिलेलं आहे.

आणि बाजारातली ‘काळी मेंदी’? निव्वळ मेंदीचा रंग काळा येत नाही. तासाभरात काळं करणाऱ्या कोनात बहुधा केस रंगवायचं पीपीडी हे रसायन असतं. त्यानं हातावर फोड येऊ शकतात.

टिकाऊपणा हा आपण नेहमी गुणच धरला. पण तो कोणासाठी, किती दिवस, आणि उरलेला रंग कोणाच्या दारात सोडून, हे विचारलं नाही. मेंदीच्या इतिहासातून एवढं तरी विचारायला शिकू या.