पाहून सूत निघत नाही

वर्धा जिल्ह्यात कापसाची वाण कधीच नव्हती. हिंगणघाटच्या कापसाला एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या बाजारातही नाव होते. तरीही विसाव्या शतकात याच जिल्ह्यात सूतकताई नव्याने, धडे आखून शिकवावी लागली. गिरणीच्या स्वस्त सुताने चरखा अडगळीत गेला हे खरे. पण लाकडी चरखा कुठलाही सुतार पुन्हा घडवू शकतो. हरवला होता तो कातणाऱ्याच्या शेजारी बसून त्याचा हात सुधारणारा जाणता माणूस. हे कसब टिकवायचे तर दाखवणाऱ्याइतकाच, किंबहुना जास्तच, चूक ओळखून सांगणारा लागतो, असे वर्ध्यातल्या कताईशिक्षणाच्या इतिहासावरून मला ठामपणे वाटते.

पहिला पुरावा वर्ध्याच्या आधीचा, साबरमतीचा आहे. आश्रमात कातायला शिकवणारे कोणी नव्हते, तेव्हा कालिदास झवेरींनी प्रात्यक्षिकासाठी एक बाई आणली. नवे काम चटकन उचलणारा म्हणून नावाजलेला एक आश्रमवासी तिच्याकडे पाठवला गेला आणि रिकाम्या हाताने परतला, असे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे. प्रात्यक्षिकात काय दिसते? उजवा हात चाक फिरवतो, डावा पेळू मागे ओढतो, चातीवर तार चढते. पण चाकाची गती आणि ओढण्याची गती यांचा मेळ डोळ्यांना दिसत नाही. ओढ घाईची झाली की पीळ भरण्याआधीच धागा तुटतो. रेंगाळली की पीळ जास्त होऊन गुठळी येते. पेळू घट्ट धरला तर कापूस सुटतच नाही. तार तुटली एवढे शिकणाऱ्याला कळते. तीनपैकी कशामुळे तुटली हे जाणत्यालाच कळते.

यावर कोणी म्हणेल, घरोघरच्या मुली आईला पाहूनच तर शिकत होत्या. पण ती आई दिवसभर हाताशी होती. मुलीचा धागा जाडाबारीक आला की तिथल्या तिथे टोकत होती. ती दुरुस्ती घरकामात मिसळलेली असल्याने तिला कोणी शिक्षण म्हटले नाही, इतकेच.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी, हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या गांधीजींच्या योजनेवर वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या झाकीर हुसेन समितीने कताईचा इयत्तावार अभ्यासक्रम आखला : आधी टकळी, मग चरखा, आणि प्रत्येक टप्प्यावर अपेक्षित वेग व सुताचा अंक. मला यातली मोजणी फार मोलाची वाटते. चार फुटांची एक तार, 640 तारांची गुंडी. गुंडी तोलली की अंक निघतो, म्हणजे सूत किती बारीक ते समजते. आईची टोकणी जिथे उरली नव्हती, तिथे निदान तराजू तरी बोलू लागला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी 1920 च्या दशकात डोळे झाकून रेघा काढायला लावल्या होत्या. बरोबर की चूक हे न सांगता कितीही रेघा काढल्या तरी हात सुधारला नाही. नुसत्या सरावावर भिस्त ठेवणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. उलट, प्रत्येक हालचालीला टोकत राहिले तर शिकणारा त्या टोकण्यावरच विसंबतो, असे रिचर्ड श्मिट आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये मांडले. गुंडी भरेपर्यंत थांबणारे माप या दृष्टीनेही शहाणपणाचे होते. अर्थात तराजू कारण सांगत नाही. त्यासाठी कताई जाणणारा शिक्षकच हवा, आणि असे शिक्षक घडवण्याचे काम सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी अंगावर घेतले.

खरा कठीण आक्षेप परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी घेतला होता : मुलांच्या मालावर शाळा चालवायची तर शिक्षणाची मजुरी होईल. तो मला खोडून काढता येत नाही. शाळेचा खर्च सुतातून काढायचा ठरला की त्याच गुंडीचे वजन हिशेबाच्या वहीत जाते, आणि मुलाच्या हाताचे काय चुकले हे विचारायला शिक्षकाला सवड उरत नाही. म्हणून योजनेचा स्वावलंबनाचा भाग बाजूला ठेवून तिच्या मोजणीकडे पाहावे. मुलाला स्वतःच्या हाताची प्रगती आकड्यात दाखवणारी ती पद्धत विक्रीशिवायही पूर्ण उभी राहते.