नकाशा मंजूर झाला, पण भिंत कोणी बघितली?

तेरखेडा म्हटलं की लोकांना फटाके आठवतात. दिवाळी जवळ आली की हायवेवरच्या गाड्या आपल्याकडं थांबणारच. पण आज लिहायचंय ते फटाके बनतात त्या शेडबद्दल आणि आपण राहतो त्या घराबद्दल. म्हणजे बांधकाम परवानगीबद्दल. विषय रटाळ वाटेल, पण वाचा.

बांधायच्या आधी नकाशा दाखवायचा, ही सक्ती आपल्याकडं घट्ट झाली ती रोगराईमुळं. 1896 ला मुंबईत प्लेग आला, 1898 ला तिथं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, 1915 ला नगररचना कायदा. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 52 नं गावात घर बांधायला पंचायतीची परवानगी लागू लागली. आता ही परवानगी देताना बघतात काय? जागा कोणाची, ओटा रस्त्यावर येतो का, शेजाऱ्याची हरकत आहे का. मग नमुना 8 ला नोंद आणि घरपट्टी. भिंत कशाची आणि माळवदावर माती किती, हा प्रश्नच नाही.

त्याची किंमत 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे कळली. गणपती बुडवून माणसं झोपली होती. लातूर आणि आपल्या जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप काही जगातला सगळ्यात मोठा नव्हता. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावर फूट-दोन फूट मातीचं माळवद, त्यानं माणसं मारली. सरकारी नकाशात तर हा भाग भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेला होता!

पुढं जे झालं ते मात्र फार कमी लोक सांगतात. 52 गावं नव्या जागी बसवली, जमिनीच्या हिशोबानं 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं दिली. ती सरळ रेषेतली गावं अनेकांना आवडली नाहीत, वाडा-गल्ली-भावकी सगळं तुटलं, ते वेगळं. पण जी गावं जागेवर राहिली तिथं घरं घरमालकानं स्वतः दुरुस्त करायची होती. अनुदान टप्प्याटप्प्यानं. काम बघून मग पुढचा हप्ता. इंजिनिअर गावात यायचा. भिंतीच्या दोन्ही तोंडांना धरणारा आरपार दगड बसला का, वरून काँक्रीटचा पट्टा फिरला का, माळवदाची माती कमी केली का, हे बघितलं जायचं. बचत गटांच्या बाया संवाद सहाय्यक म्हणून घरोघर हेच समजावून सांगायच्या. माझ्या मते या जिल्ह्यात बांधकामाची खरी तपासणी झाली ती तेवढी पाच-सहा वर्षं. योजना संपली, पद्धतही संपली.

2021 ला सरकारनं गावाकडच्या घरांसाठी नियम सैल केले. 1600 चौरस फुटांपर्यंत परवान्याधारक इंजिनिअरच्या सहीचा नकाशा ग्रामपंचायतीत दिला की झालं. हेलपाटे वाचले, चांगलंच झालं. पण सही करणारा प्लॉटवर येतो का, हे ज्यानं त्यानं आठवून बघावं.

आता शेड. फटाक्याच्या कारखान्याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या हातात नसतो. तो स्फोटकांच्या नियमांनुसार, किती माल आहे त्यावर, जिल्हाधिकारी नाहीतर स्फोटक विभाग मंजूर करतो. त्या विभागाचं मुख्यालय नागपूरला. दोन शेडमध्ये किती अंतर, एका शेडमध्ये किती माणसं, दार कुठल्या बाजूला उघडणार, हे त्या नकाशात ठरलेलं असतं. इथं अंतर हीच भिंत. एक शेड पेटलं तर दुसरं वाचावं म्हणून मध्ये मोकळी जागा सोडलेली असते, ती मालकाला रिकामी दिसते आणि सीझनला तिथंच पत्रे उभे राहू शकतात. आपल्या शेजारी बार्शी तालुक्यात शिराळ्याला 1 जानेवारी 2023 ला फटाका कारखान्यात स्फोट झाला, कामाला गेलेल्या बाया दगावल्या. विसरलो का आपण?

मंजूर नकाशा नागपूरच्या फायलीत, जागा आपल्या शिवारात, आणि कामाला आपल्याच गल्लीतल्या बाया. मग तो नकाशा गावात का नसावा? माझी मागणी साधी आहे. शिवारातल्या प्रत्येक परवानाधारक कारखान्याच्या मंजूर नकाशाची प्रत मागवून ग्रामपंचायतीत भिंतीवर लावा आणि दिवाळी सीझनच्या आधी तलाठी, ग्रामसेवक आणि चार गावकऱ्यांनी टेप घेऊन एकदा फिरून या. येत्या ग्रामसभेला हे लेखी देणार आहे. ज्यांच्या घरातलं कोणी शेडवर जातं, त्यांनी सहीला यावं.