एका कुस्तीची कारकीर्द



नाशिक रोड स्थानकांतून मनमाडच्या दिशेनें निघालेली गाडी ओढें, खेरवाडी, कसबे सुकेणें हीं लहान स्थानकें मागें टाकीत निफाडास येते. याच निफाड तालुक्यांत कोठुरें नांवाचें एक गांव आहे. हा सारा मुलूख आज द्राक्षांच्या मळ्यांमुळें सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु मल्लखांबाच्या इतिहासांत कोठुऱ्याचें नांव निराळ्याच कारणानें येतें. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरचे विख्यात वस्ताद बाळंभटदादा देवधर हे मूळचे येथले.

आजच्या खेळाडूची कारकीर्द आपण पदकांच्या संख्येवरून मोजतों. अमुक सालीं सुवर्ण, तमुक सालीं रौप्य, असा जमाखर्च मांडतां येतो. बाळंभटदादांच्या बाबतींत हा हिशेब मोठा सोपा आहे, कारण परंपरेनें त्यांच्या नांवावर जी लढत सांगितली जाते ती एकच.

ती हकीकत अशी. बाजीरावांस १७९६ च्या अखेरीस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. त्यानंतर केव्हां तरी निजामाच्या राज्यांतून अली व गुलाब या नांवांचे दोन बलाढ्य पहिलवान पुण्यास आले व त्यांनीं पेशव्यांच्या मल्लांना आव्हान दिलें. त्यांचे ते प्रचंड देह पाहून कोणीच पुढें येईना. दरबाराची अब्रू जाण्याची वेळ आली, तेव्हां अवघ्या अठरा वर्षांच्या बाळंभटानें विडा उचलला. तयारीसाठीं त्यानें कांहीं दिवसांची मुदत मागून घेतली आणि तो वणीच्या सप्तशृंगीस जाऊन अनुष्ठानास बसला. तेथें स्वप्नांत मारुतिरायानें लांकडी खांबावर निरनिराळे डाव करून दाखविले. ते घोटून बाळंभट पुण्यास परतला व त्यानें गुलाबास चीत केलें. तें पाहून अलीनें लढण्याचेंच नाकारलें.

दृष्टांताची गोष्ट ज्याच्या त्याच्या श्रद्धेची आहे. तीबद्दल वाद घालण्याचें मला प्रयोजन दिसत नाहीं. आख्यायिकेच्या मुळाशीं जो रोकडा प्रश्न आहे तो मला अधिक मोलाचा वाटतो. वजनानें दुप्पट असलेल्या माणसाशीं हलक्या अंगाच्या मुलानें लढावें कसें? बळास बळ लावून तें साधणें नाहीं. त्यास हवी ती मांड्यांची व पोटऱ्यांची अशी पकड, कीं एकदां बसली म्हणजे प्रतिस्पर्ध्यानें कितीही झाडलें तरी सुटूं नये. आणि हवी ती निसटण्याची चपळाई. जोडीदार मिळो वा न मिळो, खांब सदैव उभाच असतो. त्यावर एरंडेल चोपडलेलें असतें. अंगांत जराशी ढिलाई आली कीं माणूस घसरून खालीं येतो, आणि हा गुरु कधीं खोटी शाबासकी देत नाहीं! अढी, तेढी, बगली, दसरंग हे मल्लखांबाचे प्रकार एखाद्या जाणत्या कुस्तीगिराने पाहिले, तर त्यांतून आपल्या आखाड्यांतले डाव त्यास सहज ओळखूं येतील.

बाळंभटदादांना मल्लखांबाचे जनक म्हणण्याचा प्रघात आहे. तो मात्र सोडला पाहिजे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ या ग्रंथांत मल्लस्तंभाचा उल्लेख आलेला आहे. विसरलेली विद्या त्यांनीं पुन्हां उभी केली, एवढें म्हटलें तरी त्यांच्या थोरवीस उणेपणा येत नाहीं.

१८१८ त पेशवाई बुडाली. बाजीरावांच्या मागोमाग ही विद्या ब्रह्मावर्तास गेली, तेथून काशीस पोंचली. कोंडभटनाना गोडबोले यांच्यासारख्या शिष्यांनीं ती पुढें चालविली. झांशीच्या लक्ष्मीबाईंनींही लहानपणीं ब्रह्मावर्तास मल्लखांबाचे धडे घेतले असें परंपरा सांगते. तें खरें धरलें तरी तो अपवादच होय. मल्लखांब कुस्तीच्या सेवेस होता, आणि कुस्ती पुरुषांची. तेव्हां मुलींना त्या खांबाजवळ जाण्याचें कारणच उरलें नाहीं. दुसरें असें कीं, जो खेळ केवळ दुसऱ्या खेळाची तालीम म्हणून जगतो त्याच्या स्पर्धा कोण भरविणार? १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक बर्लिनला गेलें व तेथें भारतीय व्यायामप्रकारांनीं त्यानें वाहवा मिळविली. परंतु तींही प्रात्यक्षिकेंच होतीं.

मुलींना वाट मिळाली ती मुख्यतः दोरीवरून. पूर्वीं पुरलेल्या खांबाशिवाय टांगलेल्या वेतावरही हे प्रकार करीत. चांगला लवचीक वेत दुर्मिळ झाला आणि त्याच्या जागीं सुती दोर आला. पायाचा अंगठा व शेजारचें बोट यांच्या चिमटींत दोर धरून वर चढावयाचें, त्यास अंगाभोंवतीं वेढे द्यावयाचे, आणि त्या वेढ्यांच्या आधारें अधांतरीं आसनें साधावयाचीं. १९८४ पासून ऑलिंपिकमध्यें असलेल्या तालबद्ध जिम्नॅस्टिक्सशीं याचें नातें पाहणाऱ्याच्या सहज लक्षांत येतें. फरक एवढाच कीं, तेथें फीत वा चेंडू मुलीच्या हातीं असतो, येथें मुलगीच दोराच्या हवालीं असते.

स्पर्धांचा काळ फार उशिरां आला. १९६२ सालीं ग्वाल्हेर येथें राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धांत मल्लखांबास प्रवेश मिळाला. १९७६ त तेथून त्याची उचलबांगडी झाली. अखेर १९८१ च्या जानेवारींत उज्जैनला त्याची स्वतंत्र अखिल भारतीय स्पर्धा भरली. पंच बसले, गुण ठरले, काठिण्याची प्रतवारी झाली. कोणी म्हणेल, गुणांच्या मागें लागून मल्लखांबांतली कुस्ती गेली व शोभा तेवढी राहिली. या तक्रारींत तथ्य नाहीं असें नाहीं. आजच्या मल्लखांबपटूंपैकीं किती जण लाल मातींत उतरतात? तथापि जो खेळ कुस्तीची पायरी होता तो स्वतःच साध्य ठरला, तेव्हांच त्यांत एखाद्या मुलीला विजेती होतां आलें, ही दुसरी बाजूही नजरेआड करून चालणार नाहीं.

२०१९ च्या फेब्रुवारींत मुंबईस शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. परदेशांतील खेळाडू तींत उतरले. २०२१ च्या अर्जुन पुरस्कारांत मल्लखांबाचें नांव प्रथमच आलें, आणि तो मान मिळविला मुंबईच्या हिमानी परब या युवतीनें. सागर ओव्हाळकर यांस तो २०२२ सालचा मिळाला. त्याच वर्षाच्या जूनमध्यें पंचकुला येथील खेलो इंडिया युवा क्रीडास्पर्धांत मल्लखांबाचा समावेश झाला. तेथें मुलींसाठीं दोराबरोबर पुरलेला खांबही होता.